दुसरी बरणी

कडाव, ता. कर्जत
२३ जून २०२४

लडकू,

रामराम. तुझ्या कानांनी संप पुकारल्याला दोन वर्षं झाली, पण मला अजून सवय होत नाही. परवा विसरून वनिताच्या मोबाईलवर फोन लावला. तुझी सून म्हणाली, "आबाकाका, मी फार्महाऊसवर भांडी घासतेय आणि बाबा वाडीवर. आणि मी तिथं असते तरी काय? तुम्ही ओरडणार आणि ते हसणार." खरं आहे. तेव्हा आता पत्रच बरं. आमचा जितेश पेंडेचा टेंपो घेऊन आठवड्यातून एकदोनदा खालापूरकडे जातो, तुमच्या वाडीच्या फाट्यावरून. पोस्टापेक्षा तो भरवशाचा, फक्त वाटेत चहाला थांबतो.

सोबत एक बरणी आहे. लोणचं समजून भाकरीबरोबर खाऊ नकोस. मधमाशांचं खाणं आहे.

मधमाशी मला तूच शिकवलीस, तुला मी काय सांगणार. मी सायकलवर दुधाच्या किटल्या अडकवून तुमच्या वाडीवर मध विकत घ्यायला येत होतो तेव्हा मला राणी आणि कामकरी यातला फरक कळत नव्हता. आज चाळीस पेट्या आहेत. पण पावसाळ्याचे तीन महिने तुझ्या सहांना काय आणि माझ्या चाळीसांना काय, उपासच. साखरपाणी म्हणजे लेकराला नुसता चहा. पोट भरतं, अंग धरत नाही. माशी स्वतः काय करते? फुलांचा पराग आणते, मधात कालवते, घराघरात दाबून ठेवते. तो आंबतो, आणि तोच पिल्लांना भरवते. मधमाशी केंद्रातल्या जागृती मॅडमनी शिबिरात हेच आपल्या हातानं करायला शिकवलं.

शिमग्याला पेट्यांच्या दाराशी जाळ्या लावून मी पराग साठवला होता. त्यात मध, कोमट पाणी आणि थोडं विरजण. बारा दिवस बरणी तांदळाच्या कणगीत पुरून ठेवली. आमची कारभारीण आनंदीबाई म्हणाली, "माझ्या आंबोळीच्या पिठाला कधी एवढं झाकलं नाहीत."

विरजणाचं सांगतो. मॅडमनी त्यासाठी तयार पुडी दिली होती. मी नाही वापरली. आपल्याकडे विरजण काय कुणाच्याही घरून आणतात? ज्या घरचं दही नीट लागतं, त्याच घरी वाटी घेऊन जायचं. म्हणून मी एक नंबरच्या पेटीतला माशांनीच आंबवलेला पराग चमचाभर काढला. एक नंबर म्हणजे कुठली ते तुला ठाऊक आहे. अठ्ठ्याण्णव साली ऐनाच्या ढोलीतून काढून तू मला दिलीस, तीच वंशावळ. तुझ्याच घरचं विरजण तुला परत येतंय.

चौकटींवर कागद ठेव, त्यावर सुपारीएवढा गोळा. आठवड्याला एक. दिवाळीपर्यंत सहाच्या सहा जगल्या पाहिजेत. त्या तू वनिताला देणार आहेस, आणि त्या दिवशी ती फार्महाऊसच्या किल्ल्या मालकाच्या हातात ठेवणार आहे, हे तिनं मला सांगितलंय. तुला सांगितलं नसेल तर माझं नाव घेऊ नकोस.

आबाजी


वाडी
४ जुलै

आबाजी,

बरणी पोचली. जितेशनं झाकण उघडून वास घेतला नि हातानं खूण करून विचारलं, दारू हाय का? मी म्हटलं हाय, माशांची.

माझ्या कानांचं तुला लय वाईट वाटतं. मला तेवढं नाय. दवाखान्यातून मशीन दिलं, ते लावलं की कोणी पत्र्यावर खडी ओततंय असं होतं. खुंटीला टांगलंय. घरातली भांडणं ऐकू येत नाय, हे तर सुखच. फक्त पेटीपाशी गेलो की कळतं काय गेलं ते. आता कानाच्या जागी हात लावतो. फळीवर तळवा ठेवला की आतली थरथर लागते. तेवढ्यावर भागवतो.

बरणी लहान निघाली. सहांना पुरती ना. वड्याकडच्या, पाण्याजवळच्या चौघींना घातलं. जांभळीखालच्या दोघी दांडग्या हायत, त्यांना नुसतं साखरपाणी. काढतील दिवस. चौघींनी गोळा तीन दिवसांत साफ केला, कागद पण कुरतडला. तुझं काम पक्कं हाय, मानलं.

वनिता गोळे ठेवते. ठेवताना बोट चाटून बघते. म्हणते आंबटगोड हाय, हे माणसानं खावं. म्हटलं, तू खा, मग माशांना फार्महाऊसवर भांडी घासायला पाठवतो. आणि ते दिवाळीचं तिनं मला सांगितलंय बरं का. तुझ्या आधी सांगितलंय. उगा फुशारू नको.

किशोर रसायनीला कामावर जातो, रविवारी येतो. पोराला माशांत रस नाय. सुनेला हाय. माझं नशीब एवढं तरी चांगलं.

लडकू


कडाव
२१ जुलै

लडकू,

दुसरी बरणी पाठवतोय. ही मोठी आहे, सहांनाही पुरेल. त्याच विरजणाची, त्याच दिवशी लावलेली, फक्त जास्त मुरलेली. कंजूषपणा केला असं आता म्हणू नकोस. माझ्या पेट्या हरभऱ्याच्या पिठावर आहेत. मालक पिठल्यावर, त्याही पिठल्यावर. पराग थोडाच होता. चांगला माल होता तो तिकडे आला.

इथं पाऊस असा लागलाय की खाचरांचे बांध दिसत नाहीत. भाताची आवणी उरकली. एक नंबर जरा गप्प आहे. असल्या हवेत कोण बोलेल? मीसुद्धा गप्प आहे. आनंदीबाईला तेवढाच विसावा.

दोन ऑगस्टला जागृती मॅडम पेट्या बघायला येणार आहेत. पुडी वापरली नाही हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. पाऊस ओसरला की त्यांना तुझ्या वाडीवर आणतो, सहा भरलेल्या पेट्या दाखवतो, आणि मग सांगतो की बाई, विरजण असं लावतात. त्यांचा चेहरा बघायला तू हवास.

आबाजी


वाडी
५ ऑगस्ट

आबाजी,

वड्याकडच्या चौघींचं बरं नाय.

दारात पिल्लं टाकतायत. आधी दोनतीन होती, आता सकाळी मूठभर मिळतात. उघडून बघितलं. पिल्लू आपल्या घरात उताणं मेलंय, पाण्यानं फुगलंय. चिमट्यानं उचललं तर पिशवीगत लोंबतं. एका पेटीतल्या माशा राणीला घेऊन उठून गेल्या. असल्या पावसात कुठं गेल्या असतील रं?

माझं चुकलं. कान असते तर पंधरा दिवस आधी कळलं असतं. तळव्याला थरथर लागत होती म्हणून मी खूष होतो. थरथर आजाऱ्याला पण असते, हे मला कळू नये? वनिताला म्हटलं, तुझा सासरा बहिरा झाला तो पेट्यांना घेऊन बुडाला. तिनं घरात माझ्यासाठी पाटी आणलीय. तिच्यावर लिहिलं, "बाबा, असं परत बोललात तर मी जेवणार नाय."

जांभळीखालच्या दोघी चांगल्या हायत. पिल्लं पांढरी, गुबगुबीत. पण भुकेल्या हायत. साठवलेला पराग संपला, घरं कोरडी पडली. तुझी दुसरी बरणी अजून फोडली नाय, या गडबडीत राहून गेली. त्या दोघींना घालू का? आता ह्या दोघीच उरल्या. माझ्या मनानं मी काय करणार नाय. तुझ्या शब्दावर थांबलोय.

लडकू


कडाव
९ ऑगस्ट

लडकू,

पत्र वाचलं. तुझ्या कानांचा यात काडीचा दोष नाही. पुन्हा तसं म्हणू नकोस. यंदा पाऊस जास्त, हवा दमट. अशा दिवसांत रोग कुठूनही येतो. रानातून येतो, वाऱ्यानं येतो. माणसाच्या हातात काय आहे?

त्या चौघींच्या चौकटी दुसरीकडे लावू नकोस. त्यांना हात लावलास तर साबणानं धुऊन मगच जांभळीकडे जा.

जागृती मॅडम येऊन गेल्या. विशेष काही नाही. एक नंबरची पेटी बंद केली. जुनी झाली होती.

बरणीचं विचारलंस. थोडं थांब. एवढी घाई नको. सध्या साखरपाण्यात भागव. पाऊस उघडला की मीच येतो, मग बसून ठरवू.

आनंदीबाईनं वनितासाठी सुकट पाठवलीय.

आबाजी


वाडी
२४ ऑगस्ट

आबाजी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग वनितानं वाचलं. एवढं लहान पत्र तू कधी लिहीत नाय. म्हटलं याचं काय तरी दुखतंय. मग उमगलं नि हसू आलं.

तुझी एक नंबर गेली. जुनी झाली म्हणतोस. पेटी जुनी होते रं, माशा कशा जुन्या होतील? ती उपाशी गेली. सगळा पराग तू मला पाठवलास नि तुझ्या दाराची गेली. आणि तरी तू सांगणार नाय. वनिता म्हणाली, आबाकाकांना बरणी परत पायजे असेल. म्हटलं छे, तो माणूस दिलेलं मागणारा नाय. तो म्हणतो थोडं थांब, म्हणजे त्याच्याकडे आता माल उरला नाय, पुरवून पुरवून घाल. एवढं सरळ सांगायला त्याला भीड पडते.

तुझी भीड मी ओळखतो. पहिल्यांदा मध घ्यायला आलास तेव्हा दोन दिवसांचा उपाशी होतास, नि माझी आई जेव म्हणाली तर तू म्हणालास आताच जेवून आलो.

म्हणून पुरवून घातलं. बारा तारखेपासून, अर्धाच गोळा. भुकेल्या जिवाला थांब कसं म्हणू? दोघींनी दोन दिवसांत संपवलं. मग पुन्हा घातलं. आज सकाळी वनिता जांभळीखाली पाट टाकून बसली होती. माशा पायाला पिवळं लावून आत जात होत्या नि ती बोटांवर मला दाखवत होती, सात, आठ, नऊ. किती दिवसांनी तिला असं बघितलं.

वड्याकडच्या चारी संपल्या. पण ह्या दोघी तुझ्यामुळं तरल्या. दिवाळीला दोनाच्या चार करू.

सुकट चांगली होती. वैनीला सांग.

लडकू


कडाव
२५ ऑगस्ट

लडकू,

बरणी आत्ता बंद कर. पेट्यांतले गोळे काढून घे, उरलेलं सगळं जमिनीत पूर. आधी एवढं कर, मग पुढचं वाच. वनिताचा फोन लागत नाही आणि जितेशची फेरी पाच दिवसांनी आहे, म्हणून पुतण्या ऋतिकला मोटरसायकलवरून पाठवतोय. मी स्वतः यायला हवं होतं. पण तुझ्यासमोर बसून पाटीवर हे लिहायचं, एवढी माझी छाती नाही.

रोग रानातून आला नाही. वाऱ्यानंही आला नाही. माझ्या बरणीतून आला.

दोन तारखेला मॅडमनी एक नंबर उघडली. दोनच चौकटी बघितल्या आणि म्हणाल्या, पिशवीचा रोग आहे, बऱ्याच दिवसांचा. मग विचारलं, हिच्यातलं काही दुसरीकडे गेलंय का? मी म्हटलं, विरजण काढलं होतं. त्या बाई कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. म्हणाल्या, "आबाजी, आंबवल्यानं पराग पचायला हलका होतो. त्यातला रोग मरेलच असं नाही. म्हणून तर निरोगी पेटीचाच पराग घ्या म्हटलं होतं, म्हणून तर पुडी दिली होती." पेटी माझ्याच अंगणात जाळली. तुझं पाच तारखेचं पत्र सात तारखेला मला जितेशनं दिलं, तेव्हा तिची राख अजून ओली होती.

आणखी एक सांगतो, ते मॅडमनाही सांगितलेलं नाही. मे महिन्यात विरजण काढायच्या आधी मी एक नंबरला कान लावला होता. आवाज बसलेला होता. बाकीच्या पेट्या भरल्या बाजारासारख्या वाजत होत्या, आणि ही घसा धरलेल्या माणसासारखी. मला ऐकू आलं, लडकू. मी ऐकलं आणि स्वतःला सांगितलं, ढग आलेत म्हणून असेल. तू दिलेली पेटी आजारी असेल हे मला मनातसुद्धा आणवेना. दुसऱ्या कोणाची असती तर त्याच दिवशी उघडली असती.

तू विचारलंस बरणी घालू का, तेव्हा मला सगळं माहीत होतं. एका ओळीचं काम होतं. घालू नको, त्यात रोग आहे. चार वेळा ती ओळ लिहिली आणि चार वेळा कागद चुलीत घातला. लिहिलं असतं तर मी तुझ्या चार पेट्या मारल्या हेही लिहावं लागलं असतं. शिबिरात लोक मला खुर्ची देतात, पोरं नाव विचारतात. शून्यातून वर आलेल्या माणसाला चूक कबूल करायची फार भीती वाटते, कारण त्याला खाली काय आहे ते माहीत असतं. म्हणून मी थोडं थांब असं लिहिलं. तू माझा मित्र आहेस, थांब म्हटल्यावर थांबशील, एवढा हिशोब मी केला. तू मला माझ्यापेक्षा चांगला माणूस समजतोस, हे हिशोबात धरलं नव्हतं.

त्या दोघींची पिल्लं बघ. कदाचित अजून लागलं नसेल.

तुझा,
आबाजी


कडाव
१४ सप्टेंबर

लडकू,

गौरी गेल्यावर मी वाडीवर येऊन गेलो. वनितानं पाणी दिलं, बसा म्हणाली. तू आतल्या खोलीत होतास. दारातून तुझे पाय दिसत होते. मी तासभर बसलो.

जांभळीखाली दोन्ही पेट्या उघड्या होत्या. मुंग्या लागल्या होत्या.

माझ्या एकोणचाळीस पेट्यांना काही झालेलं नाही. त्यांना पीठच मिळालं होतं. त्यातल्या दहा वनितासाठी बाजूला काढल्यात. तू म्हणशील त्या दिवशी पाठवतो. मॅडमकडून तपासून घेतल्यात, कागद सोबत देईन.

एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

आबाजी


वाडी
६ ऑक्टोबर

आबाजी,

तू आलास तेव्हा मी जागाच होतो. उठावंसं वाटलं नाय.

महिनाभर मी रानात फिरत होतो. वरच्या अंगाला चिमाच्या माळाच्या कडेला किंजळीच्या ढोलीत एक पोळं होतं. कोणाचं नाय, रानाचं. दर साल मी तिथून पुढं जायचो, हात लावायचो नाय. ते पण गेलं. खाली पिल्लं पडली होती, तशीच फुगलेली. तिकडे तुझी बरणी कोणी नेली नव्हती. माझ्या माशा उठून गेल्या होत्या ना भर पावसात, त्या तिकडेच गेल्या असणार. आता वरपासून वड्यापर्यंत चालत गेलो तरी एक माशी दिसत नाय. खुरासणी फुलली हाय. पिवळी पिवळी नुसती उभी हाय, तिच्यावर कोणी येत नाय. ते बघवत नाय म्हणून आता रानात जात नाय.

दहा पेट्या पाठवू नको. माझ्या दारात मी पेटी ठेवणार नाय. वनिताला विचारलं, कारण तुझं देणं तिला होतं. ती पाटीवर लिहिते, दोन घेईन, दहा नाय. त्या पण शिमग्यानंतर, मॅडम येऊन जागा बघून गेल्यावर, नि ठेवायच्या तर किशोरच्या मामाच्या शेतावर. खायला काय घालायचं ते ती मॅडमना विचारील, दोघा म्हाताऱ्यांना नाय. तिचं बरोबर हाय. तोवर फार्महाऊसचं काम चालू ठेवणार. सकाळी सातला जाते. आता जाताना जांभळीकडे बघत नाय.

शिवी लिही म्हणतोस. लय विचार केला, जुळली नाय. वड्याकडच्या चौघींचा मला राग नाय. तू चांगलं समजून पाठवलंस, मी चांगलं समजून घातलं. हात तुझा नि माझा दोघांचा होता. तशी चूक मी पण केली असती. मित्राच्या घरचं विरजण कोण तपासून घेतो? पण ह्या दोघी चुकीनं गेल्या नायत. मी तुला विचारलं होतं. विचारून आठवडाभर थांबलो होतो. त्या उपाशी होत्या तरी थांबलो होतो. ते मला गिळवत नाय. पुढं गिळवेल की नाय, आत्ता सांगता येत नाय. खोटं कशाला लिहू?

मॅडमनी निरोप पाठवलाय, पेट्या नुसत्या धुऊन उपयोग नाय, जाळा. दसऱ्याच्या आत जाळायच्या हायत. लाकूड वाळलंय. वनिता म्हणाली मी जाळते, मी नको म्हटलं. किशोर म्हणाला सुट्टी घेतो, त्याला पण नको म्हटलं.

बुधवारी सकाळी ये. जेवण इथंच कर, उपाशी परत जाऊ नको. वड्याकडच्या चार मी पेटवीन. जांभळीखालच्या दोन तू पेटव.

लडकू